मंद नाडी आणि गिरणीचा डबा

परवा रक्तदाब तपासून घ्यायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाडी अगदी नॉर्मल आहे हं, आजी." मी घरी आले ती तोंड पाडूनच. सुनेला वाटलं, काहीतरी गंभीर निघालं. तिनं पाणी दिलं, पंखा लावला, शेजारी येऊन बसली. आता तिला काय सांगायचं? नाडी नॉर्मल आहे म्हणून हिरमुसणारी बाई सगळ्या सोलापुरात मी एकटीच असेन. पण एके काळी माझी नाडी नॉर्मल नव्हती, आणि ती माझी चैनीची वर्षं होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली होती. मी नववीत होते. घरात आम्ही तिघं. एक मी. दुसरे आप्पा, म्हणजे माझे वडील. ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते, जिथे कापूस पिंजला जातो तिथे. पाळी संपवून घरी येत ते भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर पांढरी रुई घेऊनच. तिसरी आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण. विधवा झाल्यावर ती वैरागला दिराच्या घरी दिवस काढत होती. आई गेल्यावर आप्पांनी तिला घर सांभाळायला आणलं आणि ती घराबरोबर आम्हा दोघांनाही सांभाळू लागली, आम्हाला न विचारता.

आमची चाळ गावाच्या एका अंगाला, गिरणी दुसऱ्या अंगाला आणि माझी शाळा दोन्हींच्या मधे. जेवणाच्या सुटीचा भोंगा झाला की गिरणीचं फाटक उघडायचं, आणि ज्याच्या त्याच्या घरचं माणूस डबा घेऊन फाटकाशी उभं असायचं. डबा वेळेवर न येणं ही आमच्या वस्तीत मोठी नामुष्की होती. ज्याचा डबा उशिरा आला त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय, असं सगळं खातं धरून चालायचं. आत्तीचे गुडघे धरलेले, चार पावलं चालली की तिला बसावं लागे. तेव्हा डबा माझ्याकडे. मधली सुटी झाली रे झाली की मी शाळेतून घरी, घरून गिरणीला आणि गिरणीवरून परत शाळेला, हे सगळं पळत करायची. चालून ते जमलंच नसतं. डब्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि एखादी पातळ भाजी. भाजी सांडू द्यायची नाही म्हणजे अंग हिंदकळू न देता पळायचं. ही कला मला आत्तीच्या शिव्यांनी शिकवली. सांडलेली भाजी तिला लांबूनच, झाकणाच्या कडेवरून कळायची.

शाळेत खेळाच्या बाई नव्यानं आल्या होत्या. उशिरा येणाऱ्या मुलींना पकडायला त्या मधल्या सुटीनंतर दाराशी उभ्या राहायच्या. मी रोज अगदी घंटेच्या ठोक्याला आत शिरायची, त्यामुळे त्यांना पकडता येत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. एक दिवस त्यांनी दंड धरून थांबवलं.

"एवढ्या उन्हात पळत आलीस. धाप कशी लागत नाही गं तुला?"

"धाप लागायला येळ कुटं हाय, बाई?" मी म्हणाले. "तास सुरू होतोय की."

बाईंनी दंड सोडला, पण मला सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मैदानावर बोलावलं. वर्षभर त्यांनी मला पळवलं, आधी हळूहळू लांबवर, मग घड्याळ लावून. पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट आले, तेही बाईंनीच कुठून तरी आणून दिलेले. जिल्ह्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला मी पहिली आले. मागून येणारी मुलगी एवढी मागे होती की मला वाटलं, मीच एक फेरी कमी मारली की काय. आता पुण्याला राज्याच्या स्पर्धांना जायचं होतं. मी सोलापूर सोडून वैरागच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात पुणं आणि ते आठशे मीटर, दुसरं काही नाही.

जायच्या आधी सरकारी दवाखान्यातून प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणायचा होता. सगळ्याच मुलींना आणायचा होता, त्यामुळे कुणाला त्याची भीती नव्हती. आप्पांनी अर्धी रजा टाकली आणि माझ्याबरोबर आले. लेक पुण्याला चालली याचा त्यांना केवढा अभिमान, धुतलेला सदरा घालून आले होते.

तिथले डॉक्टर तरुण होते, नवेच. त्यांनी माझी नाडी मोजली. मग परत मोजली. मग दुसरा हात घेतला. मिनिटाला पन्नास ठोकेसुद्धा भरत नव्हते. मला आडवी करून छातीला नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, छातीचा फोटो काढून आणा. फोटो उजेडाला लावून बघताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

आप्पा म्हणाले, "हिची आई त्यातच गेली."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. हृदय मोठं झाल्यासारखं दिसतंय, एक आवाजही येतोय, नाडी फार मंद आहे, असं त्यांनी सांगितलं. आमचे मोठे डॉक्टर गुरुवारी बसतात, त्यांना दाखवा, तोवर पळणं बंद. त्या तरुण डॉक्टरांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण आप्पांनी ते बोलणं पुरतं ऐकलंच नाही. मोठे डॉक्टर, गुरुवार, यातलं काही त्यांच्या कानात शिरलं नाही. हृदय मोठं झालंय, एवढंच शिरलं.

कारण हे शब्द त्यांनी आधी एकदा ऐकले होते.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. तिचं मला आठवतं ते बसलेपण. नळाला जाताना ती मधे एकदा बसायची, येताना दोनदा. शेवटी शेवटी तर आडवं होऊन झोपताही येईना. आप्पा भिंतीला वळकट्या लावून तिला टेकून बसवायचे आणि शेजारी तिचं मनगट धरून बसायचे. मला तेव्हा वाटायचं, त्यांना तिचा हात धरायला आवडतो. ते नाडी मोजत असत हे पुष्कळ उशिरा कळलं. तिला कितीतरी डॉक्टरांना दाखवलं. प्रत्येक नव्या डॉक्टरानं आधीच्यापेक्षा वाईट सांगितलं. त्यामुळे डॉक्टर बदलला की बातमी बिघडते, हे आप्पांच्या मनात पक्कं बसलं होतं.

 घरी आल्यावर आप्पांनी माझे बूट उचलले आणि माळ्यावर टाकले. मग आत्तीला म्हणाले, "पुणं न्हाय. पळणं न्हाय. शाळाबी ऱ्हाऊ दे थोडे दिवस. हिला पाण्याची घागर उचलू देऊ नगं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला काही होत नव्हतं! दुखत नव्हतं, दम लागत नव्हता, चक्कर येत नव्हती. मी ओरडले, रडले, जेवायची नाही म्हणाले आणि खरंच जेवले नाही. आप्पांनी ओरडून उत्तर दिलं असतं तर भांडायला तरी मजा आली असती. ते नुसते बघत राहिले. माझ्या तोंडाकडेही नाही, छातीकडे. ती वर-खाली होतेय की नाही, एवढंच बघत होते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

डब्याचा प्रश्न आला. शेजारणी न्यायला तयार होत्या, पण आप्पा म्हणाले, नको, मीच येतो घरी जेवायला. भोंग्याला बाहेर पडायची मुभा होती, पण पुढच्या भोंग्याच्या आत परत गेलं पाहिजे. त्या वेळात एवढं अंतर चालून यायचं, जेवायचं आणि चालत जायचं म्हणजे नुसती धावपळ. तरी ते रोज यायचे. दारात आले की आधी चौकटीला धरून उभे राहायचे. तोंड उघडं, कपाळावर घाम, रुई घामात चिकटलेली. माझ्याकडे बघायचे. मी बसलेली असले की आत येऊन जेवायला बसायचे, अर्धी भाकरी खाऊन उठायचे. जाताना माझं मनगट धरायचे. माझी नाडी तशीच मंद, आपल्या चालीनं चाललेली. ती हाताला लागली की त्यांचा चेहरा आणखी उतरायचा.

आत्ती त्यांना म्हणायची, "आरं, जरा टेक की. केवढा धापलायस."

"ऊन हाय," ते म्हणायचे आणि जायचे. आम्हालाही ते पटायचं. ऊन होतंच. सोलापुरात कशालाही ऊन हे कारण चालतं.

खेळाच्या बाई घरी आल्या. संघ शनिवारी निघणार होता. त्यांनी आप्पांना हात जोडले, निदान गुरुवारी मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते नाही म्हणाले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आप्पा नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमी लई केलंसा पोरीसाठी. पण आता दाखवाया न्हाय न्यायचं." बाई डोळे पुसत गेल्या. मी माळ्याकडे बघत भिंतीला टेकून बसले. आई बसायची त्याच भिंतीला. आत्तीनं मला तिथे बसलेलं पाहिलं, आणि बहुतेक त्या क्षणी तिच्या डोक्यात काहीतरी फिरलं.

आत्तीचा विचार अगदी सरळ होता. डॉक्टरची तक्रार काय? नाडी हळू चालते. मग ती जोरात चालवून दाखवायची, की तक्रार मिटली. भाजीत पाणी जास्त झालं तर पीठ लावायचं, त्यातलाच हा प्रकार.

गुरुवारी आप्पा पाळीला गेले तसा तिनं सुंठ, मिरी आणि गूळ घालून काळाकुट्ट चहा केला. एवढा कडक की जीभ भाजली का मिरीनं झोंबली ते कळेना. तो तिनं मला पेलाभर पाजला, वर आणखी अर्धा. मग माळ्यावरचे बूट काठीनं खाली ओढले.

"आप्पांना कळलं तर?" मी विचारलं.

"ते माज्यावर सोड. त्येचं लगीन म्या जमवलंय, त्येला काय भिती मी?"

टांगा करून आम्ही दवाखान्यात गेलो. बाहेर कडुनिंबाचं मोठं झाड होतं. आत्ती बुंध्याशी बसली आणि मला म्हणाली, "हं, पळ. झाडाला फिर. मी सांगस्तोवर थांबू नगं." किती दिवसांनी पळत होते! दवाखान्याच्या आवारात, पेशंटांच्या मधून, वहाणा आणि पथाऱ्या चुकवत मी गरगर फिरायला लागले. लोक बघायला लागले. एका म्हातारबुवांनी आत्तीला विचारलं, पोरीला काय बाधा झालीया का. आत्ती म्हणाली, "व्हय, डागदरची."

मला चांगला दम लागला तशी तिनं दंडाला धरून आत ओढलं. पण आत रांग. आमचा नंबर येऊन स्टुलावर बसेपर्यंत माझी नाडी पुन्हा आपल्या जागी. आत्तीनं माझं मनगट दाबून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ए भवाने, हाय का न्हाय गं तुजी नाडी?" मोठे डॉक्टर मान वर करायच्या आत तिनं मला उठवलं, "जरा आलो हं, साहेब," म्हणाली आणि पुन्हा बाहेर. पुन्हा झाड, पुन्हा फेऱ्या. परत आलो तर कुणीतरी मधे घुसलेलं. थांबावं लागलं, आणि तेवढ्यात नाडी परत शांत. आत्ती जवळजवळ रडायला आली. मलाही माझ्या हृदयाचा राग यायला लागला होता. जरा धडधडलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं!

तिसऱ्यांदा पळायला म्हणून आम्ही उठायला लागलो तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "थांबा. मघापासून मी खिडकीतून बघतोय. ही कसली कवायत चाललीय?"

ते पिकल्या केसांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. आवाज मऊ होता, तरी आत्तीचं धाबं दणाणलं. पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. आईचं, तरुण डॉक्टरांचं, पुण्याचं, चहाचं. "म्या किती पळवावं हिला, साहेब! दम लागतोय तवर आत आणावं, तर हिची नाडी आपली पयल्यासारखी. लबाड हाय बगा."

डॉक्टर आधी गालात हसले आणि मग चष्मा काढून मोकळेपणानं हसले. "बाई," ते म्हणाले, "मी जी तपासणी करणार होतो ती तुम्ही बाहेर झाडाखाली करून टाकलीत."

मग त्यांनी मला नीट तपासलं. आडवी करून ऐकलं, बसवून ऐकलं, उभी करून ऐकलं. आडवी असताना येणारा तो बारीक आवाज उभी राहिल्यावर विरून जात होता. त्यांनी तरुण डॉक्टरांना बोलावून तो ऐकायला लावला, पण रागावून नाही, जवळ उभं करून. हातापायांना तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली. मला विचारलं, रोज किती पळतेस? मी मैदानाचं सांगितलं आणि डब्याचंही. डबा ऐकून ते थांबले. "कधीपासून?" म्हणाले. मी म्हणाले, आत्तीचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे चौथीपासून. त्यांनी मान हलवली.

"आता वडिलांना बोलवा. त्यांच्यासमोर सांगतो," ते म्हणाले. आत्ती म्हणाली, आता त्येला कुटनं बोलवू, त्यो कामावर हाय. पण बोलवायची गरज पडली नाही.

जेवणाचा भोंगा होऊन गेला होता. आप्पा घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघी टांग्यात बसून दवाखान्यात गेल्या. तिनं एवढंच सांगितलं, आणि पुढचं आप्पांनी स्वतःशी सांगितलं. आमच्या घरातून टांग्यानं दवाखान्यात आजवर एकच माणूस गेलं होतं. ते तिथून निघाले ते पळत. माझ्या वडिलांना मी जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही नाही पाहिलं, फक्त पोचताना पाहिलं. दाराची चौकट धरून ते उभे होते, धापा टाकत, रुई सगळ्या तोंडाला माखलेली. मी पायांवर उभी आहे हे बघितलं आणि ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला पुणं हुकल्याचंही वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. हृदय म्हणजे मांसच. तालमीतल्या पैलवानाचा दंड कसा भरतो, तसंच रोज पळणाऱ्या पोराचं हृदय भरतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग बसल्या जागी त्याला घाई करावी लागत नाही. म्हणून नाडी मंद.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, हिच्या आईलाबी असंच म्हणले हुते. मोटं झालंय म्हणून. तवाबी असाच फोटू लावला हुता उजेडाला."

 डॉक्टरांनी आईचं विचारलं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? आप्पा म्हणाले, व्हय, माहेरी असताना. "तिच्या हृदयाची झडप त्या तापानं खराब झाली होती," डॉक्टर म्हणाले. "पुढे ढकललेलं रक्त मागे यायचं. एकच काम दोनदा करून ते दमलं आणि दमून फुगलं. तुमच्या मुलीचं दमून मोठं झालेलं नाही. कमावून मोठं झालंय. फोटोत दोन्ही मोठीच दिसतात. पळवल्यावर खरं काय ते कळतं."

"पळवल्यावर," आप्पा म्हणाले. त्यांना ते मान्य नव्हतं.

"चला, तुमच्यासमोर दाखवतो. हिला वरच्या वॉर्डाच्या जिन्यावरून वर-खाली करू द्या."

"येकटी न्हाय," आप्पा उठत म्हणाले. "मी संगं जातो. मधी पडली तर?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून बघितलं. "चढाल? बरं. पण सावकाश," म्हणाले आणि स्वतःही मागोमाग निघाले.

आम्ही जिना चढलो. मी हळूच चढत होते, कारण आप्पांनी माझा हात गच्च धरला होता. मी पडेन म्हणून धरलाय, असं मला वाटत होतं. निम्म्या जिन्यात तो हात मला मागे ओढायला लागला. वर पोचलो तेव्हा त्यांच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इथेच बसा." मला त्यांनी पळत खाली-वर, खाली-वर करायला लावलं. मी थांबले तेव्हा माझं हृदय धाडधाड वाजत होतं. डॉक्टरांनी आप्पांचाच हात घेऊन माझ्या मनगटावर ठेवला. "धरा. तुम्हाला येतं ना बघता? आता गप्प बसून बघा."

आप्पांनी धरलं. डोळे मिटले. त्यांच्या बोटांखाली माझी नाडी जोरात होती, मग कमी झाली, मग आणखी कमी, आणि मग आपल्या संथ चालीवर आली. आप्पांनी डोळे उघडले. त्यांच्या भुवयांवरच्या रुईतून पाणी खाली आलं. "आली की जाग्यावर," ते म्हणाले. "हिच्या आईची येतच नव्हती."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते अजून धापतच होते. माझ्या आधीपासून बसलेले, आणि अजून धापतच होते.

डॉक्टरांच्या ते मघाशीच लक्षात आलं होतं. त्यांनी आप्पांना सावकाश खाली खोलीत आणलं आणि सदरा वर करायला सांगून पाठीला नळी लावली. किती वर्षं कार्डिंगला आहात, रविवारच्या सुटीनंतर पाळीवर गेलं की छाती आवळते का, असं विचारत गेले. आप्पा म्हणाले, "सोमवारी हुतंच, साहेब. समद्यांना हुतं. कापूस हाय की तो." डॉक्टर म्हणाले, तीच रुई छातीत बसलीय, ते खातं सोडावं लागेल, युनियनला सांगून दुसरं मागून घ्या. आणि दुपारच्या उन्हात ही एवढी घाई करत जेवायला जाणं आजपासून बंद. आत्ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा खांदा धरला. सबंध आठवडा आम्ही दोघी आणि तेही, सगळे माझ्याच छातीला कान लावून बसलो होतो. दारात रोज चौकट धरून उभा राहणारा माणूस आमच्यासमोरच होता.

दाखला मिळाला. आप्पांनी तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पायरीवर बसले.  मग आत्तीकडे न बघता ते म्हणाले, "उद्या मी जेवाया घरी येत न्हाय. डबा हिच्याकडं दे."

"चालत येऊ दे का पळत?" आत्तीनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

आप्पांनी खिशातला दाखला चाचपला. "पळत येऊ दे," म्हणाले. "मला भूक लई लागती."

पुण्याला मी चौथी आले. बाईंना तीही मोठी गोष्ट वाटली, मला नाही. मी परतीच्या सगळ्या वाटेवर धुसफुसत होते. पुढे काही वर्षं मी पळत राहिले, मग लग्न झालं, मग पळणं सुटलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की सवय सोडलीस तर ते पुन्हा चारचौघांसारखं होईल. आप्पांना खातं बदलून मिळायला बराच काळ गेला. मिळालं तेव्हा छाती काही पूर्वीसारखी झाली नाही, पण सोमवार बरे जाऊ लागले. माझी मुलं बघेपर्यंत ते राहिले.

पण मला सांगायचं होतं ते शुक्रवारचं, पुण्याला निघायच्या आदल्या दिवसाचं. मधली सुटी झाली आणि मी पळाले. घरून डबा घेतला आणि गिरणीकडे सुटले. भोंग्याच्या आधी फाटकाशी पोचले. भोंगा झाला, फाटक उघडलं, माणसं बाहेर आली. आप्पा सगळ्यात शेवटी आले, सावकाश चालत, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. त्यांनी डबा घेतला नाही. आधी माझं मनगट धरलं आणि भर फाटकात, सगळ्या खात्यासमोर, उभे राहिले. लोक हसत होते. मला लाज वाटली, पण मी हात काढला नाही. माझी नाडी त्यांच्या बोटांखाली हळूहळू खाली आली. मग मी डबा काखेत धरला आणि त्यांचं मनगट धरलं. मला मोजता येत नव्हतं, पण ती घाईत आहे एवढं कळत होतं. आम्ही तसेच उभे राहिलो, माझी शांत झाली तरी त्यांची शांत व्हायची वाट बघत.

बऱ्याच वेळानं त्यांचीही जरा खाली आली. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं. भाजी सांडली नव्हती.

"पळ आता," आप्पा म्हणाले. "शाळा भरंल."